अंड्याचं काम चौघांना वाटणाऱ्या काकू

एखादी गोष्ट जमत नाही म्हणून सोडून दिली, असं माझ्या काकूंच्या बाबतीत आजवर एकदाही घडलेलं नाही; आणि हे विधान मी, कुठे एखादा अपवाद सापडतो का याचा पुरेसा शोध घेऊन, पूर्ण जबाबदारीने करते आहे. परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकताना निसर्गाचे नियम सर्वांना सारखेच लागू असतात असं मला शिकवलं गेलं. जवळा बाजारला काकूंच्या स्वयंपाकघरात मात्र हे नियम आधी उंबऱ्याशी थांबतात, काकूंची परवानगी घेतात आणि मगच आत पाऊल टाकतात. कारल्याचा कडूपणा त्यांना तत्त्वतः मान्य नव्हता. एक अख्खा श्रावण त्यांनी कारली ताकात बुडवली, चिंचेच्या कोळात झोपवली, मिठात चोळून उन्हात बसवली. महिनाअखेरीस कारलं गोड झालं का, असं मी विचारलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "गोड न्हाई झालं. पर आपल्यामागं कोणीतरी लागलंय, हे त्याला बराबर कळलं." वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या स्कूटी शिकल्या, त्या सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या वावरात. थांबायचं कसं हे काकांनी सांगण्याआधीच त्या निघून गेल्या होत्या. बांधावरून काका "ब्रेक दाब, ब्रेक!" असं ओरडत होते आणि काकू दर फेरीला त्यांच्यासमोरून जाताना बजावत होत्या, "तुमी आधी बाजूला व्हा! मला वळणाची सवय व्हऊन राहिली." पेट्रोल संपलं तेव्हा त्या उतरल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर बाजाराला गेल्या.

त्या घरात माणसं तीनच: काका, काकू आणि आत्या. आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर ती माहेरी परतली आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. घर पिढ्यान् पिढ्या माळकरी. बिस्किटात अंडं असतं असं तिला कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून बिस्किटाचा पुडादेखील तिने घरात येऊ दिला नव्हता. काकू लग्न होऊन आल्या त्याला तीस वर्षं झाली. तीस वर्षं त्या रोज आमटी करत होत्या आणि तीस वर्षं घर त्या आमटीला 'आत्याची आमटी' म्हणत होतं. मीठ किती, फोडणी कधी, भाकरी किती जाड, हे सारं आत्याच्या मापाने ठरलेलं. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. आत्याचं माप खरोखरच उत्तम होतं, आणि काकूंनाही ते मान्य होतं. परंतु ज्या बाईने कारल्यालाही सुखाने कडू राहू दिलं नाही, तिच्या नावावर त्या घरात एक चटणीसुद्धा नसावी, ही विसंगती माझ्या लक्षात फार उशिरा आली. काकूंच्या ती बहुधा पहिल्याच वर्षी आली असावी.

हिंगोलीला आमच्या घरी माझ्या भाचीचा पहिला वाढदिवस होता. केक कापला गेला, सर्वांच्या हातात बशा आल्या, आणि काकूंनी आपली बशी तशीच हातात धरून विचारलं, "ह्यात अंडं हाय का?" माझ्या बहिणीने संकोचून सांगितलं, "काकू, थोडंसं असेल." "थोडंसं म्हंजे? अर्धी कोंबडी?" सगळे हसले. काकूही हसल्या, बशी परत ठेवली, चिवडा घेतला. मात्र जवळच उभ्या असलेल्या मला दिसलं की, परत ठेवण्यापूर्वी त्यांनी ती बशी नाकाशी नेऊन डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला होता. परतीच्या एस.टी.त मी त्यांच्या शेजारी होते. परभणी गाठायची तर जवळा बाजार वाटेतच लागतं. औंढा मागे पडेपर्यंत त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या. मग एकाएकी म्हणाल्या, "वास लई गोड व्हता गं. हे मी घरी करणार. बिनअंड्याचं. आन त्यांच्याहून बरं." पुढे त्यांनी जो प्रश्न विचारला, तो माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकानेही कधी विचारला नव्हता. "मला एवढंच सांग, ते अंडं त्यात बसून नेमकं काय काम करतं?"

मी सांगितलं. ते हवा धरून ठेवतं, पिठाला बांधून ठेवतं, ओलावा राखतं, वरून रंग आणतं. काकूंनी बोटं मोजली. "म्हंजे चार कामं. आन एकटंच करतं? मंग त्याला लई माज आसंल." खिडकीबाहेर बघत त्यांनी निकाल दिला, "एक सालगडी सोडून गेला तर वावर काय पडीक ठिवतो का आपण? त्याची कामं चौघांला वाटून द्यायची." केकसारख्या पदार्थातून अंडं वगळण्याचा सिद्धान्त मला शिकवायला प्राध्यापकांनी दोन तास घेतले होते. काकूंनी तो वाई-गोळेगावच्या फाट्यापर्यंत उरकला.

कामांची वाटणी दुसऱ्याच आठवड्यात झाली. फुगवण्याचं काम दही आणि खायचा सोडा या जोडीकडे गेलं; बांधून धरण्याचं आटवलेल्या दुधाकडे; ओलाव्याचं घरच्या लोण्याकडे; आणि रंगाचं साखरेकडे. कामचुकारपणा कोणी केला हे मात्र काकू नेमकं ओळखत आणि त्या घटकाला तोंडावर सुनावत. "दह्या, तू आज आलाच न्हाईस कामावर," असं त्यांनी एका चपट्या केककडे बघून म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. भट्टी, म्हणजे ओव्हन, तेव्हा नव्हती. कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाला नदीची धुतलेली वाळू पसरून, त्यावर डबा ठेवून हा उद्योग चाले. वेळ मोजायला घड्याळाची गरज काकूंना वाटत नसे. आत्याची दुपारची पोथी दीड अध्याय झाली की डबा काढायचा. आत्या मध्ये अडखळली की केक करपायचा. गुणवत्तेची तपासणी दारातली म्हैस करी. तिची प्रतवारी तीन पायऱ्यांची होती: म्हशीने तोंड फिरवलं तर तो केक नापास, हुंगून खाल्ला तर काठावर पास, आणि मागून घेतला तर पुढचा घास काकांना. काका माझ्याकडे एकदा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "ह्या घरात माझा नंबर म्हशीच्या खाली लागून राहिला." मी त्यांना समजावलं की, पद्धत म्हणून ती निर्दोष आहे.

कुकर वारंवार उष्णतेचा गोंधळ करू लागला, तेव्हा काकूंनी भट्टी आणायचं ठरवलं. त्यांचा भाऊ वारंगा फाट्यावर हॉटेल चालवतो. भाऊबीजेला त्याने दरवर्षीप्रमाणे साडी पुढे केली. काकूंनी ताटातला दिवा तसाच हातात धरून म्हटलं, "साडी नको. भट्टी दे, लायटीवरची. देतोस तर ओवाळते." बिचारा पाटावर अडकलेला, कबूल झाला. आठ दिवसांनी खोक्यातून ती काचेच्या दाराची पेटी आली, आणि आत्याने तिच्याकडे, घरात वकील शिरावा तशा नजरेने पाहिलं. तोवर कुकरमधला खेळ तिने कुकरमधला म्हणून सहन केला होता. आता तिने अट घातली. पोळपाटाच्या बाजूला ती पेटी गुढीपाडव्यापर्यंतच राहील. पाडव्याला तिच्यातलं काही आत्याने स्वतः तोंडात घातलं, तर राहील; अन्यथा वारंग्याला माघारी जाईल. काका काही बोलले नाहीत. बहिणीच्या शब्दापुढे ते कधीच बोलत नसत. भाऊबीजेची ओवाळणी भावाला परत पाठवायची, ही आमच्याकडे न ऐकलेली गोष्ट. भावाने दिलेली वस्तू ठेवायलाही बाईला नवऱ्याच्या घरात वीतभर जागा नाही, असाच तिचा अर्थ होतो. काकूंनी पदर खोचला आणि एवढंच म्हटलं, "पाडवा लांब हाय."

पाडवा लांब नव्हता. आमच्या भागात फाल्गुन म्हणजे हळदीचे दिवस. शिजवलेली हळद अंगणभर वाळत असते, माणसांच्या तळव्यांपासून गाईच्या शेपटीपर्यंत सगळं पिवळं झालेलं असतं, आणि वर्षाची हळद दळून, चाळून डब्यांत भरण्याची घाई घराघरांत असते. पाडव्याच्या आठवडाभर आधी मी सुट्टीला गेले, तेव्हा काकूंचे केक चवीला उत्तम होत होते, पण मध्यभागी बसत होते. "काल बसला," त्या मला म्हणाल्या. "आज सोडा दुप्पट घातला. बघू कसा बसतो." दही त्या दिवशी नेमकं ताजं, गोड होतं. याकडे माझं तेव्हा लक्षच गेलं नाही. आधी दिसला तो केक: उंच, तांबूस, मधोमध अभिमानाने फुगलेला. इतका देखणा केक त्या घरात झाला नव्हता. काकूंनी आत्याला आणि काकांना बोलावलं, सुरी घेतली आणि कापला.

आत लाल डाग होते. फिक्या पिवळसर गाभ्यात, एकेक ठळक, ओलसर, गडद लाल डाग.

काकांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. आत्या दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "रगत हाय. अंड्यातलं."

"वन्सं, काहीतरीच काय! मी अंडं हातात तरी धरलंय का जन्मात?"

"तू न्हाई घातलं तर दुकानदारानं मैद्यात घातलं आसंल. मला काय दिसत न्हाई का? उद्या भावाला फोन लाव. म्हणावं, घेऊन जा ही पेटी."

मी पुढे झाले. हळदीतला रंग सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या सान्निध्यात लाल होतो, दही आंबट नसल्यामुळे जास्तीचा सोडा शिल्लक राहिला, इत्यादी सर्व मी क्रमाने आणि अचूक मांडलं. सत्य अचूक मांडलं की आपलं काम संपतं, असा माझा तोवर समज होता. आत्याने माझ्याकडे पाहिलं, काकांना म्हटलं, "पोरगी लई शिकली," आणि पाठ फिरवली.

काकू त्या केककडे टक लावून बघत होत्या. त्यांना गप्प उभ्या राहिलेल्या मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगायचं तर घाबरले. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "हळद म्हणालीस का तू?" उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या, मैद्याची चाळणी घेऊन आल्या आणि ती कागदावर उलटी करून आपटली. कागदावर पिवळी धूळ पडली. सकाळी त्याच चाळणीने हळद चाळली होती. "अवं," त्या काकांना म्हणाल्या, "तुमची चुन्याची डबी द्या." माळेने तंबाखूला कधी हरकत घेतलेली नसल्यामुळे डबी काकांच्या खिशातच होती. काकूंनी तळहातावर चिमूटभर हळद घेतली, पाण्याचा थेंब टाकला, बोटाने चुना लावला आणि चोळलं. तळवा लालभडक झाला. तो त्यांनी आत्यासमोर धरला.

"वन्सं, तुमचा पाय मुरगळला तवा मी हळद-चुना लावला व्हता की न्हाई? लाल झाला व्हता का न्हाई लेप? तवा म्हणालात का, रगत हाय म्हणून?"

आत्या तळव्याकडे बघत राहिली. ती हट्टी होती, अन्यायी नव्हती. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, "तू शिकलेली हायस ना? मंग सांग, हे माघारी पिवळं व्हतं का? रगत आसंल तर न्हाई व्हणार." मी थक्क झाले. उलटी चाचणी मागण्याचं सुचायला आमच्या प्रयोगशाळेत लोकांना वर्षं लागतात. मी म्हटलं, "होतं आत्या. लिंबाने." लिंबू तिने दुसऱ्याला कापू दिलं नाही. स्वतः कापलं, स्वतः केकवर पिळलं, आणि चष्मा कपाळावर सरकवून वाकून बसली. लाल डागाची कड आधी फिकी झाली, मग तो डाग सगळाच पिवळा पडला. तिने दुसऱ्या डागावर पिळलं. तिसऱ्यावरही. अख्खं लिंबू संपल्यावर ती उठली.

"रगत न्हाई," ती म्हणाली. "पर हे खायचं कोणी? साबणाचा वास येऊन राहिला. भट्टीचं पाडव्यालाच बघू." म्हशीचंही मत तेच पडलं.

पुढचे आठ दिवस मी माझं वाचन बाजूला ठेवलं, कारण त्या घरात त्याहून गंभीर संशोधन चाललं होतं. नवी चाळणी आली आणि ती हळदीच्या खोलीपासून दूर, देवाजवळ टांगली गेली. दही दोन दिवस मुद्दाम आंबवलं. सोड्याचा चमचा सुरीच्या पात्याने सपाट करायचा, ही माझी सूचना काकूंनी स्वीकारली. आठ दिवसांत माझी स्वीकारली गेलेली ती एकमेव सूचना. एक केक कोरडा झाला, एक लाइट गेल्यामुळे अर्धवट राहिला, एकाचा माथा फुटला. दर वेळी मी हताश होई आणि दर वेळी काकू डबा घासायला घेत. "तुला तकलीफ व्हत आसंल तर जरा पड बाई," त्या मला म्हणत, "मला अजून लई काम हाय." चौथा केक पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी झाला. त्यांनी तो मला चाखूही दिला नाही. "आधी वन्सं," म्हणाल्या.

पाडव्याला गुढी उभी राहिली, कडुनिंबाची चटणी वाटून झाली, आणि काकूंनी एक तुकडा बशीत घालून आत्यासमोर ठेवला. आत्याने तो उजेडात धरला, उलटा केला, चुरून पाहिला. मग तोंडात घातला. तिने तो इतका वेळ चघळला की तेवढ्यात पोथीचा अर्धा अध्याय झाला असता. काका गुढीकडे बघत असल्याचं दाखवत होते.

"मऊ हाय," आत्या म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "साखर जरा कमी चालंल." आणि बशी पुढे केली, आणखी एका तुकड्यासाठी.

काकू आत गेल्या. मी मागोमाग गेले, तर त्या पदराने भट्टीची काच पुसत होत्या. ती आधीच लख्ख होती. बाहेर आत्या शेजारणीला कुंपणावरून सांगत होती, "वयनीचा केक हाय. खाऊन बघ. अंड्याचं नाव न्हाई." तीस वर्षांत त्या घरातल्या एका पदार्थाला काकूंचं नाव पहिल्यांदाच लागलं होतं, आणि काच पुसणारा हात तेवढ्यापुरता थांबला होता.

त्यानंतर मी संशोधनासाठी दूर गेले. फोनवर बातम्या येत राहिल्या. आत्याने राजगिऱ्याचा उपासाचा केक मागितला आणि काकूंनी तीन एकादशींत तो जमवला. बाजारच्या दिवशी तांड्यावरच्या बायका कृती विचारायला येतात, आणि काकू त्यांना आधी अंड्याची चार कामं पाठ करायला लावतात. भाऊबीजेला वारंग्याच्या भावाने या वेळी घाबरत घाबरत विचारलं, काय आणू. मग हळूहळू बातम्यांचा सूर बदलला. आत्या पोथीतलं तेच पान पुन्हा वाचते. दुपारचं जेवण झालं हे विसरते. मला ओळखते, पण मी अजून शाळेत आहे असं समजते.

मागच्या दिवाळीत मी गेले, तेव्हा सकाळी काकूंनी आत्याला ओट्याजवळ खुर्चीवर बसवलं होतं आणि तिच्या मांडीवर दही-साखरेचं पातेलं दिलं होतं. आत्या रवी घेऊन ते संथपणे घोटत होती, मध्येच थांबत होती, काकूंनी "हं, वन्सं" म्हटलं की पुन्हा घोटत होती. बाकीचं सगळं काकूंनी केलं. दुपारी केकचा तुकडा हातात आल्यावर आत्याचा चेहरा एकदम सावध झाला. "हे कोणी केलं? ह्यात अंडं न्हाई ना?"

आता काकू चाळणी आणतील, लिंबू आणतील, सगळा लढा पहिल्यापासून लढतील, असं मला वाटलं. तसं करायची त्यांची तयारी कायम असते. पण त्या आत्याच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमीच केला की वन्सं सकाळी. तुमच्या हातचा हाय. तुमच्या हातून अंडं जाईल का?"

आत्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "व्हय," ती म्हणाली, "माझ्याच हातचा." तिचा चेहरा उजळला. तिने घास घेतला, मग उरलेल्या तुकड्याचा अर्धा भाग मोडून काकूंच्या हातावर ठेवला. "खा बाई. आन शिकून घे एकदा. मी काय जन्माला पुरणार हाय का?"

"शिकवा की," काकू म्हणाल्या, आणि तिच्या खुर्चीजवळ सरकून बसल्या.